रस्त्यावरच्या छायाचित्रकारांच्या निगेटिव्ह वाचवण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वर्तमानपत्रांसाठी रस्त्यावर उतरून फोटो काढलेल्या छायाचित्रकारांच्या निगेटिव्ह आणि प्रिंट यांचा कायमचा संग्रह आमच्या वाचनालयात उभा करायचे ठरले आहे. त्यासाठी आपल्या माळ्यावरचे जुने डबे, थोडा वेळ आणि यथाशक्ती देणगी हवी आहे.

मोर्चा निघाला की त्याच्या पुढे उलट्या पावलांनी चालणारी ही माणसे. लाठीमार झाला तर लाठी त्यांच्याही पाठीवर पडायची. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, सीमाभागातील मराठी माणसे पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेऱ्या, एप्रिल १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू आंदोलनावर झालेला गोळीबार, १ जून १९८६ चा हिंडलग्याचा कन्नडसक्तीविरोधी लढा, शिवजयंतीची पहाटेपर्यंत चालणारी चित्ररथांची मिरवणूक, या सगळ्या दिवशी कुणीतरी गळ्यात कॅमेरा अडकवून गर्दीत होते. त्यांतले बरेच जण पगारी नव्हते. दिवसभर स्टुडिओत पासपोर्ट फोटो, लग्नसराईत अक्षता, आणि निरोप आला की सायकलवर टांग. रोल महाग, म्हणून एकाच रोलवर आधी सप्तपदी आणि पुढच्याच फ्रेममध्ये पोलीस बंदोबस्त, अशा पट्ट्या आमच्याकडे आल्या आहेत. अंकात मात्र फोटोखाली नाव नसायचे.

आमच्याकडे आलेल्या एका प्रिंटबद्दल सांगितलेच पाहिजे. विडी कामगार बायकांचा मोर्चा आहे. पुढे माइक धरलेले पुढारी, आणि त्यांच्याभोवती लाल पेन्सिलीने आखलेला चौकोन. तेवढाच भाग छपाईच्या ब्लॉकसाठी गेला असणार, कारण मागे ‘दोन कॉलम’ असे लिहिले आहे. चौकोनाच्या बाहेर, उजव्या कोपऱ्यात, एक बाई कडेवरच्या पोराच्या डोक्यावर पदर धरून उभी आहे. पायात चप्पल नाही. ती पेपरात कधीच आली नाही. जुन्या अंकांच्या फाइली जपून भागत नाही, ते यासाठी. छापून आले ते संपादकाने निवडलेले; छायाचित्रकाराने पाहिलेले सगळे निगेटिव्हवर आहे.

न्यूयॉर्कचा वृत्तछायाचित्रकार आर्थर फेलिग याचे, म्हणजे ‘वीजी’चे, उदाहरण आम्ही डोळ्यांसमोर ठेवले आहे. १८९९ चा जन्म, लहानपणी पूर्व युरोपातून आलेले गरीब स्थलांतरित कुटुंब. रात्री-अपरात्री खून, आगी, अपघात टिपणे हा त्याचा धंदा. १९३८ पासून त्याच्या मोटारीत पोलिसांचा रेडिओ असायचा. १९४१ च्या त्याच्या एका फोटोत खून झालेल्या जागी धावलेली शाळकरी मुले दिसतात. प्रेत चौकटीत नाहीच. बघणाऱ्यांकडे कॅमेरा वळवण्याची ही नजर थोर होती, असे आम्हाला मनापासून वाटते. प्रिंटच्या मागे तो स्वतःच्या नावाचा शिक्का मारायचा, त्यात ‘द फेमस’ असेही असायचे. १९४३ मध्ये तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचे फोटो संग्रहात घेतले. पण १९६८ मध्ये तो गेला, त्यानंतर हा पसारा सांभाळला त्याच्या उत्तरायुष्यातील सोबतीण विल्मा विलकॉक्स यांनी. त्यांच्यामुळेच १९९३ मध्ये सुमारे १६,००० छायाचित्रे आणि ७,००० निगेटिव्ह इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीकडे आल्या. विल्माबाईंनी खोकी टाकून दिली असती तर आज वीजीची किती कामगिरी उरली असती?

आपल्याकडे खोकी टाकूनच दिली जात आहेत. स्टुडिओ बंद होतो, मुले पुण्या-बेंगळुरूला जातात, घर विकताना सगळे भंगारवाल्याकडे जाते. निगेटिव्हमधली चांदी काढण्यासाठी त्या किलोवर विकल्या गेल्या, हेही आपण पाहिले आहे. जे उरले त्याला आपला पाऊस खातो. फिल्मवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत बुरशीला आयता मिळतो, आणि जुनी ॲसिटेट फिल्म एकदा आंबू लागली की ते थांबवता येत नाही, फार तर थंड, कोरड्या जागी ठेवून लांबवता येते. म्हणून घाई आहे.

देणगीतून हवा कोरडी ठेवणारे यंत्र, बंद कपाट, आम्लरहित पाकिटे आणि फिल्म स्कॅनर घ्यायचा आहे. पावती तिथल्या तिथे मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लागेल. वस्तूरूपाने दिलेत तरी चालेल.

पैशांइतकीच माणसे हवीत. खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर, वडगाव इथल्या जुन्या जाणत्यांनी रविवारी सकाळी येऊन फोटोतली माणसे, दुकाने, चौक ओळखून द्यावेत. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांनाही सोबत आणा. रस्ता सगळ्यांचाच होता आणि कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांतही सगळेच होते.

मालकीची काळजी नको. निगेटिव्ह कुटुंबाच्याच राहतील, हवे तर स्कॅन करून परत देऊ. प्रत्येक पाकिटावर छायाचित्रकाराचे नाव पहिल्या ओळीत असेल, आणि प्रदर्शनात किंवा छपाईत त्याशिवाय एकही फोटो जाणार नाही. जखमी किंवा मृत माणूस ओळखू येत असेल, तर घरच्यांना विचारल्याखेरीज तो फोटो आम्ही लावणार नाही.

मृगाच्या आत, म्हणजे मेअखेरपर्यंत, डबे पोचले तर पावसाआधी ते कपाटात जातील. येणे जमत नसेल तर निरोप द्या, आमची मुले घरी येऊन घेऊन जातील. तोवर एवढेच करा: पट्ट्या पुसू नका, उन्हात वाळवू नका, एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढून सोडवू नका. डब्याला शिरक्यासारखा (व्हिनेगरसारखा) वास येत असेल तर आतली फिल्म आंबू लागली आहे असे समजून तो बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि आम्हाला आधी तोच द्या.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ, बेळगाव