फिल्टरला पैसे मिळतात, कार्ट्रिजला नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

खेड्यातल्या शाळांना पिण्याचं चांगलं पाणी मिळावं म्हणून मदतीची आवाहनं आपल्या पेपरात अधूनमधून येतात, ती वाचून लोक पैसे देतात, मीही देतो, त्यामुळे हे पत्र तक्रारीचं असलं तरी देणाऱ्या-मागणाऱ्यांवर माझा राग नाही. खरं सांगायचं तर तक्रार आधी माझ्याबद्दलच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही आठ-दहा मित्रांनी एका शाळेत पाणी शुद्ध करायचं मशीन बसवायला वर्गणी काढली होती. ग्रुपवर मेसेज टाकले, ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन मागितले, आणि पैसे वाटलं त्याच्या आधीच जमले. मशीन बसलं, फीत कापली, मुलांनी ग्लास वर धरले, तो फोटो मी सहा महिने डीपीला ठेवला होता (हसू नका). वर्षभराने त्याच बाजूला काम निघालं म्हणून शाळेत डोकावलो तर मशीन बंद. नळाला सुतळी बांधलेली, मशीनवर जुन्या वह्यांचा गठ्ठा, देणगीदारांच्या नावांची पाटी मात्र लख्ख. बाहेर हातपंपावर एक मुलगी ओंजळ धरून पाणी पीत होती आणि दुसरी दांड्याला अक्षरशः लोंबकळून पंप मारत होती, कारण तिच्या वजनाने तो खालीच येत नव्हता. सरांना विचारलं तर बिचारे ओशाळले, म्हणाले कार्ट्रिज (मशीनच्या आतला, ठरावीक दिवसांनी बदलायचा गाळणीचा भाग) चोक झालंय, बदलायला माणूस यायला तयार नाही, आणि खर्च कुठून करायचा ते कळत नाही. "तुम्हाला फोन करणार होतो, पण म्हटलं एवढं दिलंय, अजून कोणत्या तोंडाने मागू."

हे आमच्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असंही नाही. प्लेपंप म्हणून एक प्रकार दक्षिण आफ्रिकेत निघाला होता, मुलांनी गोल फिरायच्या चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्याने जमिनीतलं पाणी टाकीत चढायचं. आयडिया इतकी गोड की 2006 मध्ये अमेरिकेत त्यासाठी दीड कोटी डॉलरच्या वर मदत जाहीर झाली आणि 2010 पर्यंत 4000 पंप बसवायचे ठरले. झालं काय, तर मुलं दमली की खेळ संपला आणि मग ते चक्र बायकांना हाताने ढकलत बसावं लागलं, बिघडला तर दुरुस्तीला महिनोन्‌महिने कोणी नाही, टाकीवरच्या जाहिरातींच्या पैशातून देखभाल होईल म्हणत होते पण आडगावात जाहिरात देणार कोण? शेवटी 2010 मध्ये त्याला पैसा देणाऱ्या एका फाउंडेशनने स्वतःच जाहीरपणे कबूल केलं की हे जमलं नाही. मला तरी त्यातलं हे कबूल करणंच सगळ्यात आवडलं, आम्ही तर ग्रुपवर मशीन बंद पडल्याचं सांगितलंसुद्धा नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. बांगलादेशात 1970 च्या दशकात तळ्या-डबक्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने मरत होती म्हणून युनिसेफच्या मदतीने ट्यूबवेल खोदल्या गेल्या. हेतू शंभर टक्के चांगला, जंतूंचा त्रास कमीही झाला. पण त्या पाण्यात आर्सेनिक हे विष आहे का हे तेव्हा कोणी तपासलं नाही आणि ते लक्षात यायला 1993 उजाडलं. नंतर लाखो ट्यूबवेल तपासून चालेल तिला हिरवा आणि नको तिला लाल रंग मारायची वेळ आली. आर्सेनिकला ना रंग ना वास ना चव, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, ते काय डोळ्याला दिसणार आहे?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मशीन कुठलं घ्यायचं हे ठरवायच्या आधी पाणी तपासा. आमच्या वर्गणीत आम्ही हे केलंच नव्हतं, कोणाच्या तरी घरी आरओ (बारीक पडद्यातून पाणी गाळणारं मशीन) होता म्हणून शाळेलाही आरओ! जंतू असतील तर क्लोरीनने काम भागतं, साधारण अर्धा तास मुरू द्यायचं आणि नळाशी लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरतंय का बघायचं, त्याचं छोटं किट मिळतं, सातवी-आठवीची पोरंसुद्धा रंग जुळवून सांगतात. यूव्हीला, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या मशीनला, वीज लागते आणि पाणी गढूळ असेल तर त्याचा उपयोग होत नाही. फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर मात्र क्लोरीन, यूव्ही, उकळणं यातलं काहीच चालत नाही, उलट उकळून पाणी आटलं की फ्लोराइड घट्टच होतं. मुलांच्या दातांवर डाग दिसले तर तेवढ्यावरूनही शंका घ्यायला हवी. तिथे आरओ ठीक आहे, पण छोटी मशीनं जेवढं पाणी देतात त्यापेक्षा बरंचसं जास्त बाहेर सोडून देतात, म्हणजे जिथे मुळात पाण्याचीच बोंब तिथे तो विचार वेगळा. आणि आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे टाकी घाण असेल तर केलेलं सगळं पाण्यात!

आता पैशाचं. पाटी लागते ती मशीनवर, कार्ट्रिजवर कोणी नाव घालत नाही, त्यामुळे मशीनला देणारे दहा मिळतात आणि दुसऱ्या वर्षीच्या कार्ट्रिजला एक मिळत नाही. यात संस्थांचाही सगळा दोष नाही. "प्रशासकीय खर्च किती?" हा प्रश्न आपणच छाती पुढे काढून विचारतो, आणि मग वर्षातून दोनदा शाळेत जाऊन नमुना घेणाऱ्या पोराचा पगार त्याच खर्चात धरला जातो म्हणून संस्था तो माणूसच ठेवत नाहीत. आवाहन छापताना आपण निदान एवढं विचारून छापावं: पाणी कुठे तपासलं, पाच वर्षांचा देखभालीचा पैसा या रकमेत धरलाय का, आणि बंद पडलं तर सरांनी कोणाला फोन करायचा. मशीनची कंपनी नाही छापली तरी चालेल.

गेल्या महिन्यात आमच्याच ग्रुपवर दुसऱ्या एका शाळेसाठी मेसेज आला. मी हेच तीन प्रश्न टाकले, दोन दिवस कोणी बोललं नाही, एकाने फक्त हात जोडलेला इमोजी टाकला. मग जो पैसे गोळा करतोय त्याचा फोन आला, जरा चिडूनच बोलला, पण म्हणाला नमुना लॅबला पाठवलाय. रिपोर्ट आला की पैसे देतो असं त्याला सांगितलंय, आणि बंद पडलेल्या त्या जुन्या मशीनचं कार्ट्रिज मी आधी आणतोय.

आपला,
एक जुना वाचक