आधी ग्राफ, मग माग

सोलापूर,
गड्ड्याची जत्रा उठली त्याचा दुसरा दिवस

प्रिय संज्या,

का बे, बेदाण्याची वेबसाइट काढतोयस आणि पहिला प्रश्न काय, तर "रंग कुठला घेऊ?" मीही तिथंच फसलो होतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या चादरी-टॉवेलच्या साइटचं काम एकाला दिलं. त्यानं पहिल्याच पानावर पाच सरकते फोटो लावले, पांढऱ्यावर सोनेरी अक्षरांत 'गुणवत्ता हीच आमची ओळख'. साइट म्हणजे थेट लग्नपत्रिका. टॉवेल केवढा, किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम), कमीत कमी किती डझन घ्यायचे, काही पत्ता नाही. गिऱ्हाईक सगळं बघायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचं, "साइज काय?"

त्याला तरी काय बोलू? "टाका काहीतरी चांगलं" असं मीच सांगितलं होतं.

यंदा नव्या साइटचे नमुने अण्णांना दाखवले. इंटरनेटचं त्यांना काही नाही, पण आयुष्य जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर गेलंय. म्हणाले, "ग्राफ कुठंय?" चादरीवर मोर काढायचा तर आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एका आडव्या धाग्याला एक पत्ता. ग्राफच नाही तर माग विणणार काय, डोंबल?

मग साइटचा ग्राफ म्हणून तीन महिन्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रश्न काढले. माळ्यावर मागाचे कोरे पत्ते पडून होते, एकेकावर एकेक प्रश्न लिहिला आणि ओट्यावर पसरले. सगळ्यात जाड गठ्ठा माप-वजनाचा. मग भाव नि माल कधी मिळणार. त्याखालोखाल रंग जातो का, आकसतो का. 'आमच्याविषयी'त टाकण्यासारखा एकच पत्ता निघाला, "फर्म खरी आहे ना?" आणि मी जुन्या साइटवर आजोबांवर पाऊण पान खर्ची घातलं होतं! आता तिथं फर्मचा ठावठिकाणा, जीएसटी नंबर आणि चालू मागाचा फोटो. आजोबा दोन ओळींत.

खरी गंमत पुढं. मी गठ्ठ्यांना नावं दिली होती चादर, टॉवेल, नॅपकिन. त्याच दिवशी पुण्याहून एका हॉटेलच्या खरेदीवाल्या बाई आल्या होत्या. म्हटलं, तुम्ही लावा. त्यांनी सगळे मोडले आणि नवे केले: हॉटेलसाठी, दवाखान्यासाठी, आहेरासाठी. आपण माल गोदामात ठेवतो तसा मेनू लावतो बे, आणि घेणारा कशाला हवंय ते डोक्यात घेऊन येतो. मेनू बाईंचाच ठेवला.

हे झाल्यावर रंगरूप आठ दिवसांत उरकलं. सोनेरी गेलं. अक्षर आणि मागचा रंग यांत निदान ४.५ ला १ एवढा फरक पाहिजे, नाहीतर उन्हात मोबाइलवर काही वाचता येत नाही. मराठी ओळींत अंतर जास्त सोड, मी अक्षराच्या १.७ पट ठेवलंय. नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात काढ. फ्लॅशनं आमच्या टॉवेलचे लूप सपाट दिसायचे, तिरप्या उजेडात बोट फिरवावंसं वाटतं. आणि चार एमबीचा फोटो तसाच चढवू नकोस. वेबपी (फोटोचा हलका फॉरमॅट) करून दीडशे केबीवर आणला की पान झटकन उघडतं.

आणखी एक. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तुमच्या सांगलीच्या बेदाण्यालाही. पण म्हणून जीआयचा बिल्ला उचलून साइटवर लावू नकोस, आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी कर.

रविवारी सरळ इकडंच ये. तुझ्या गिऱ्हाइकांचे प्रश्न लिहून आण, हिरवा का पिवळा इथपासून सगळे. शंभरेक कोरे पत्ते अजून शिल्लक आहेत. शेंगाचटणी बांधून ठेवतो. अण्णांसाठी काळे बेदाणे आण, मागच्या खेपेला विसरलास ते अजून काढतात.

तुझा,
बाळ्या