तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि. (बाबा, मायना बरोबर आहे ना?)

फोनवरच सांगणार होते. पण बाबा ‘बरं बरं, आईशी बोल’ म्हणणार, आई ‘कशाला गं एवढा खर्च’ म्हणणार आणि मी चिडून फोन ठेवणार. म्हणून लिहितेय. नोव्हेंबरात तुम्ही म्युनिकला आलात की दुसऱ्याच आठवड्यात आपण तिघं चार रात्री सेव्हिलला जातोय, स्पेनच्या दक्षिणेला. जाऊया का, असं विचारत नाहीये. तिकिटं काढली, पैसे परत मिळत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर सीझन संपलेला असतो, सगळं उतरलेलं असतं. वेगळा व्हिसा लागत नाही, तुमच्या युरोपच्या शेंगेन व्हिसावरच भागतं. उन्हाळ्यात तिथे पारा चाळीसच्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही म्हणे. पण नोव्हेंबरात हवा सौम्य असते. ऊन पडलं तर दुपारी स्वेटर काढावासा वाटेल. विमान तीन तासांचं, आपण मुंबईला जातो त्याच्या निम्मंसुद्धा नाही.

ही सगळी कारणं खरी आहेत, आणि तरी खरं कारण वेगळं आहे. मागच्या वेळी तुम्ही सात आठवडे माझ्या खिडकीत बसून काढलेत. मी साडेसातला बाहेर पडायचे, सहाला परत. बाहेर बर्फ. बाबा ट्राम मोजायचे आणि संध्याकाळी मला आकडा सांगायचे. मी हसायचे. निघताना विमानतळावर आई म्हणाली, ‘घर छान आहे हं तुझं.’ घरच फक्त बघितलं होतंस ना गं तू. तेव्हापासून ते वाक्य घशात अडकलंय.

आता बाबा, तुमच्याशी. ग्रनाडा यात नाही.

मला माहीत आहे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं ते कॅलेंडरचं पान, बारा सिंहांच्या कारंज्याचं. दहावीच्या पोरांना तुम्ही दरडावायचात, ‘१४९२ म्हणजे नुसता कोलंबस लिहू नका, त्याच वर्षी २ जानेवारीला ग्रनाडा, स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य, पडलं.’ मी सगळं बघितलं. ते कारंजं ज्यात आहे त्या ग्रनाडाच्या अल्हम्ब्रा किल्ल्याच्या तिकिटावर पासपोर्टचा नंबर लागतो, आतल्या महालांची वेळ ठरलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत. ते जमवलं असतं. पण टेकडीवर तीन-चार तासांची चाल, खालच्या जुन्या वस्तीत दगडगोट्यांच्या रस्त्यांवरून चढउतार, आणि सेव्हिलहून जाऊन-येऊन पाच-सहा तास प्रवासात. तुमच्या गुडघ्यामुळे नाही हो. माझाच दम निघाला असता. (बरं, थोडं गुडघ्यामुळे. पण ज्योतिबाच्या वेळेसारखं ‘मला काही होत नाही’ म्हणून नंतर आठ दिवस अंथरुणात, हे मला परक्या मुलखात नकोय.)

त्याऐवजी सेव्हिलचा अल्काझार राजवाडा आहे. चौदाव्या शतकात पेद्रो राजाने तिथे महाल बांधून घेतला, तो ख्रिस्ती राजा, पण भिंतींवर अरबी अक्षरं, आणि कामावर ग्रनाडाहून आलेले कारागीरसुद्धा होते. अल्हम्ब्राची सर नाही येणार, कबूल. पण सपाट आहे. बागेत बाकं आहेत. शेजारच्या कॅथेड्रलमध्ये कोलंबसाची शवपेटी चार राज्यांच्या दूतांच्या पुतळ्यांनी खांद्यावर घेतलीय. १८९९ मध्ये अस्थी हवानाहून आणल्या, आणि डॉमिनिकन रिपब्लिकवाले म्हणतात खरा कोलंबस आमच्याकडेच. तुम्ही तिथे गाईडशी वाद घालणार, मला आत्ताच दिसतंय.

तिथल्या हिराल्दा मनोऱ्यात पायऱ्या जवळजवळ नाहीतच. आधी तो मशिदीचा मिनार होता, अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून आत उतार केलाय म्हणतात. तरीही तुम्ही खालीच बसायचं. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, डॉक्टरांनी सांगितलंय. मी वरून हात हलवेन.

प्लाझा दे एस्पान्या १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधला, म्हणजे आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाच्याच वयाचा! तिथे प्रत्येक प्रांतासाठी रंगीत टाइल्सचा एकेक कट्टा आहे. तिथे अख्खी सकाळ बसायचं, घड्याळ बघायचं नाही.

एक दिवस रेल्वेने कॉर्डोबा, पाऊण तास फक्त. मशीद इ. स. ७८५ च्या सुमाराची. आत आठशेच्या वर खांब आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, आणि मधोमध सोळाव्या शतकात उभं केलेलं कॅथेड्रल. स्टेशनवरून टॅक्सी, चालत नाही.

आई, जेवणाचं. तू विचारायच्या आधी सांगते, उपाशी राहणार नाहीस. सेव्हिलमध्ये पालक-हरभऱ्याची भाजी मिळते, जिरं घातलेली, तुला वाटेल कुणी मराठी बाई आत आहे. कॉर्डोबात वांग्याचे काप तळून वर काकवी ओततात. ऐकून नाक मुरडू नकोस, खाऊन बघ. सालमोरेहो म्हणजे टोमॅटोचं गार सार, पण वर अंडं आणि डुकराचं मांस भुरभुरतात, तेव्हा मी सांगितल्याशिवाय चमचा लावायचा नाही. शाकाहारी म्हटलं तरी सॅलडमध्ये टूना घालतात, तेही मी बघेन. तिकडे रात्रीचं जेवण नऊला सुरू होतं, म्हणून स्वयंपाकघर असलेलीच खोली घेतलीय, लिफ्टसकट. साडेसातला तुझा मुगाचा भात. मला पण हवाय. ताप आला की करायचीस तसा, पातळ.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं आहेत. फळं कडू असतात. लोणच्यासाठी तोडायची नाहीत, आई. मी तुला ओळखते.

आता नीट ऐका. बाबांच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटासकट, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी वर. तिकडे घड्याळ साडेचार तास मागे असतं, गोळीची वेळ मी लिहून देईन, मनाने बदलायची नाही. आजपासून रोज संध्याकाळी पुलापर्यंत चाला, आणि गप्पा मारत थांबायचं नाही. गुडघ्याचा पट्टा घालूनच. नवे बूट आत्ताच घ्या आणि घरात वापरा, तिथे फोड नकोत. दादाला दुकानात न्यायला सांगितलंय. दोघांच्या पासपोर्टचं पहिलं पान रविवारपर्यंत पाठवा.

बाबा, रागावलात तर रागवा, पण फोन आईकडे देऊ नका. दोन वाक्यं तरी माझ्याशी बोला.

तुमची,
ठमी

ता. क. आई, तूप आणि पेढे आणू नकोस, दुधाचे पदार्थ इथे विमानतळावर काढून घेतात. भडंग आण. भरपूर आण. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत बांधून. मागच्या वेळची बाबांची पांढरी बंडी आठव.