गाईडचे पैसे वाचवू नकोस

कोल्हापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की सुट्टीत तुम्ही चौघी तिकडं कॅनडातल्या अथाबास्का हिमनदीवर जाणार. गाईडबरोबरच्या फेरीचे पैसे जास्त वाटतात, म्हणून आपल्या आपणच कडेकडेनं थोडं वर चढून येणार. तेवढ्यात वर्कशॉपात माल उतरवायला गाडी आली आणि बोलणं अर्धं राहिलं. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

जायचं तर जाच. असं ठिकाण एडमंटनपासून पाचेक तासांच्या अंतरावर असताना घरात बसून राहू नकोस. पण गाईडशिवाय बर्फावर पाऊल टाकायचं नाही. चौघींचे पैसे मी पाठवतो, त्यात हिशेब नको.

बाबा सांगतात म्हणून नुसतं ऐकू नकोस, कारण समजून घे. पन्हाळा ते पावनखिंड तू माझ्याबरोबर पावसात चाललीस. चिखल होता, जळवा होत्या, धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता. पण त्या वाटेवर गेल्या आषाढात ज्या दगडावर पाय ठेवला, तो या आषाढातही तिथंच असतो. हिमनदी मात्र वाहत असते. दिवसाला काही सेंटीमीटर का होईना, थांबत नाही. खालच्या खडकाला जिथं पायरी येते तिथं वरचा बर्फ ताणला जातो आणि तडकतो. हे क्रिव्हास. उघडी भेग दिसते, तिला वळसा घालता येतो. घात करते ती झाकलेली. वाऱ्यानं उडालेलं हिम तिच्या तोंडावर साचून पूल तयार होतो आणि वरून सगळं सपाट पांढरं दिसतं. ऊन वाढलं की तोच पूल आतून झिजत जातो. तुझ्या वजनाला तो टिकेल की नाही, हे वरून बघून कुणालाच सांगता येत नाही.

आत पडलेला माणूस बहुतेक वेळा तळाला जात नाही. भेग खाली निमुळती होत जाते, त्यात तो अडकतो. अंगाच्या उबेनं भोवतीचा बर्फ वितळतो आणि तो आणखी खाली सरकतो. सोडवणारे दोर घेऊन पोचेपर्यंत थंडी आपलं काम करते. अथाबास्कावर असे जीव गेले आहेत. म्हणूनच बर्फाच्या तोंडाशी पार्क्स कॅनडानं, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यानं, दोर बांधून पाट्या लावल्या आहेत. त्या दोराच्या आतून चार पावलं जाऊन फोटो काढू, असंही कुणी म्हणेल. तिथं तू ठाम राहा.

गाईड रोज त्याच बर्फावर असतो. कालची भेग आज किती रुंदावली, वितळलेल्या पाण्याचा ओढा रात्रीत कुठं वळला, पाणी गोल फिरत खाली कोसळतं ती उभी विहीर कुठं उघडली, हे तो बघत आलेला असतो. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगमध्ये मी बेसिक कोर्स केला तेव्हा डोक्रियानी बामक हिमनदीवर आम्हाला बर्फावर चालायला शिकवलं. आमचे इन्स्ट्रक्टर आयुष्यभर पहाडात राहिलेले, तरी दर थोड्या पावलांनी आइस ॲक्सचा, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीचा, दांडा टोचून बघत. मला त्या माणसाविषयी आजही आदर वाटतो. त्यांच्या पावलावर पाऊल ठेवूनच आम्ही चालायचो. तूही तसंच कर. रांग सोडून फोटोला बाजूला सरकायचं नाही. काही बघायचं असेल तर गाईडला सांग, तो थांबवेल.

आता बुटाखाली बांधायच्या काट्यांचं. क्रॅम्पॉन ते देतील. आपला धंदा लोखंडाचा, त्यामुळं हे मी जरा जास्त लिहितो. काटे बुटाला घट्ट बसले पाहिजेत, हलवून बघ. पट्टा उभं राहून आवळ आणि दहा मिनिटं चालल्यावर परत आवळ, कारण बूट दबतो आणि पट्टा सैल पडतो. मऊ तळाच्या बुटावर ते नीट बसत नाहीत, म्हणून घोट्याच्या वर येणारे, कडक तळाचे बूट घे. चिखलात आपण टाच रोवतो. बर्फावर तसं करू नकोस, पूर्ण तळवा सपाट ठेव, सगळे काटे एकदम रुतू देत. पायांत अंतर राख, नाहीतर एका पायाचे काटे दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. घोळदार पँट नको.

कपडे सुती नकोत. सूत भिजलं की अंगातली ऊब ओढून घेतं. आपले धनगर गगनबावड्याच्या पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागं उभे राहतात, कारण लोकर ओली झाली तरी ऊब धरते. तू आतून लोकरीचा पातळ थर आणि वरून वारा अडवणारं जाकीट घे. जुलैतही वरच्या बर्फावरची गार हवा जड होऊन खाली घसरत येते, ती झोंबते. काळा चष्मा विसरू नकोस. बर्फावरून ऊन खालूनही येतं, म्हणून क्रीम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखाली पण लाव.

आईनं पाठवलेला भडंग गाडीत खा. हातमोजे घालून आणि त्या वाऱ्यात ते जमायचं नाही. खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की ठेव.

हे सगळं काळजीचं झालं. आता मी का जा म्हणतो तेही लिहितो. गगनबावड्याच्या धारेवर उभं राहून मी तुला सांगायचो, अलीकडं पडलेला पाऊस कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो आणि पलीकडं पडलेला कोकणातून अरबी समुद्राला. तुझी हिमनदी ज्या कोलंबिया आइसफील्डमधून, म्हणजे बर्फाच्या पठारावरून, उतरते, तिथल्या स्नो डोम शिखराशी पाण्याचे तीन वाटे होतात. कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते, अथाबास्काचं पाणी आर्क्टिकला आणि सस्कॅचेवानचं हडसन उपसागराला. तू एडमंटनमध्ये ज्या नदीच्या पुलावरून रोज कॉलेजला जातेस, ती याच बर्फातून निघते. आपली पंचगंगा सह्याद्रीच्या पावसावर जगते, ती तिथं या बर्फावर. हे नकाशात मी कितीदा बघितलं आहे. तू ते डोळ्यांनी बघणार, याचा मला फार आनंद आहे.

वाटेवर सालांच्या खुणा आहेत, त्या त्या वर्षी बर्फ कुठवर होता ते दाखवणाऱ्या. पटापट पुढं जाऊ नकोस, प्रत्येक खुणेपाशी थांब. १८९८ मध्ये कोली आणि वुली हे दोघे गिर्यारोहक शेजारच्या अथाबास्का शिखरावर चढले आणि त्यांना पलीकडं हे अफाट बर्फाचं पठार पहिल्यांदा दिसलं. त्याच्याही आधी, १८४४ च्या सुमारास, हिमनदीचं तोंड आज हमरस्ता आहे तिथवर होतं. गेल्या सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागं सरली आहे. वर पडणारं हिम खाली वितळणाऱ्या बर्फाला पुरत नाही. तुझ्या जन्मसालाच्या जवळची खूण सापडली तर तिथून बर्फापर्यंत किती पावलं होतात ते मोज आणि मला कळव.

मोठ्या चाकांची बस बर्फावर नेऊन उतरवते, तीही सोय आहे. तीत बसू नकोस असं नाही, पण जमलं तर चालायचीच फेरी घ्या, आणि तीन तासांची नको, दिवसभराची.

आदल्या रात्री जॅस्परला मुक्काम करा. २०२४ च्या वणव्यात त्या गावाची बरीच घरं जळाली, तेव्हा खोली आधीच पक्की करा. त्या रस्त्यावर मोबाईलला जवळपास रेंज नसते, म्हणून निघतानाच परतायची वेळ कळवून ठेव. आईला मी समजावून सांगतो. जॅस्परला परत पोचलात की मेसेज टाक. तेव्हा इकडं सकाळ झालेली असेल. मी गंगावेशीत दुधाला गेलेलो असेन, पण फोन खिशात असतो.

तुझे,
बाबा