बारक्याच्या मार्कांबद्दल

लातूर,
१० मे २०२५

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू तुझ्या बारक्याच्या नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा, तोच आकडा पुन्हा पुन्हा बोलत होतास. ४८३. एवढ्यात सरकारी मेडिकल कॉलेज मिळत नाही, खासगी आपल्याला झेपत नाही, आणि अजून एक वर्ष लातूरला ठेवायची ताकद उरली नाही. तुझं सगळं ऐकलं. तू रस्त्यावर होतास, मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, म्हणून तेव्हा मी फार बोललो नाही. लिहिलं की तुला सावकाश वाचता येईल, आणि वहिनींनाही वाचून दाखवता येईल.

पहिली गोष्ट अशी की ४८३ हे बारक्याचे मार्क नाहीत. तो आकडा कुठून आला ते मला माहीत आहे, कारण तो निघाला तेव्हा मी तिथेच होतो.

रविवारी पेपर दुपारी दोन ते पाच होता. संध्याकाळी मी उद्योग भवनाकडं त्याच्या खोलीवर गेलो. खोलीत बसवत नव्हतं, इतकं तापलं होतं, म्हणून पोरं चटई घेऊन गच्चीवर बसली होती. बारका आणि त्याचे खोलीतले सोबती, शिवाय शेजारच्या इमारतीतली दोघं-तिघं. प्रत्येकाच्या मांडीवर प्रश्नपुस्तिका. प्रश्न सगळ्यांना तेच, पण पुस्तिकेच्या कोडनुसार त्यांचा क्रम वेगळा. त्यामुळं ‘बारावा काय आला रे?’ असं विचारून भागत नाही. एकानं अख्खा प्रश्न वाचायचा, बाकीच्यांनी आपापल्या पुस्तिकेत तो शोधायचा, मग उत्तर बोलायचं. १८० प्रश्न असे जुळवायचे म्हणजे रात्र होते.

सुरुवात बायोपासून झाली. ते ९० प्रश्न, ३६० मार्क, आणि जुळवायला सोपं. तोवर हसणं-खिदळणं चालू होतं. केमिस्ट्रीला आवाज कमी झाले. फिजिक्स काढलं तशी दोन पोरं उठून टाकीपाशी जाऊन उभी राहिली. मी इतकी वर्षं हा विषय शिकवतोय बापू, तो पेपर मी स्वतः सोडवून बघितलाय. लांबलचक गणितं, किचकट आकडेमोड, आणि वेळ कमी. हुशारातल्या हुशार पोरालाही त्यानं घाम फोडला असणार.

आता यातलं महत्त्वाचं सांगतो. ओएमआरची, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेची, मूळ प्रत आणि कार्यालयाची प्रत दोन्ही पर्यवेक्षकाकडे जमा होतात. पोराच्या हातात फक्त पुस्तिका राहते. म्हणजे ही सगळी मोजदाद पुस्तिकेवरच्या खुणांवरून होते. खूण आहे तिथं ठीक. पण शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत कुणाला खुणा करायला सवड असते? तिथं थेट गोल काळे केलेले असतात, आणि संध्याकाळी आठवावं लागतं की आपण दोन काळा केला की तीन. बारक्याच्या फिजिक्समध्ये अशा बऱ्याच जागा कोऱ्या होत्या. त्यानं काय केलं, तर जिथं आठवत नाही तिथं चूक धरली आणि प्रत्येक जागी एक मार्क वजा केला. त्याच्या शेजारचा पोरगा जिथं आठवत नाही तिथं बरोबर धरत होता. दरवर्षी हेच पाहतोय. घाबरलेलं पोरगं स्वतःला कमी देतं, आशेवर असलेलं जास्त देतं, आणि दोघांचेही आकडे गावभर होतात.

त्यात रात्री नऊनंतर मोबाइलवर ‘की’, म्हणजे क्लासवाल्यांनी काढलेल्या उत्तरतालिका, येऊ लागल्या. एका क्लासची आली, मग दुसऱ्याची. काही प्रश्नांत दोघांची उत्तरं जुळेनात. एका सर्किटच्या गणितावरून गच्चीवर वाद पेटला. बारक्याचं उत्तर दोन्ही कींपेक्षा वेगळं होतं. त्यानं पुस्तिकेच्या मागच्या पानावर सर्किट काढलं आणि एकेक पायरी करत सगळ्यांना समजावून सांगितलं. मी मधे बोललो नाही. त्याचं बरोबर होतं. रात्री अकराच्या सुमारास त्यातल्या एका क्लासनं की बदलून पुन्हा पाठवली. सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. हे त्यानं तुला सांगितलं नसणार, मला खात्री आहे. त्यानं तुला फक्त ४८३ सांगितलं.

सोमवारी सकाळी मी त्याला घरी बोलावलं. तुझ्या वहिनीनं पोहे केले होते, त्यानं दोन घास खाल्ले. आम्ही पुस्तिका घेऊन बसलो आणि प्रश्न तीन भागांत वाटले. पक्की खूण आहे आणि उत्तराबद्दल वाद नाही ते एका बाजूला. खूण आहे पण कींचं एकमत नाही ते दुसरीकडं. काय काळं केलं ते आठवतच नाही ते तिसरीकडं. मग सगळं वाईट धरून एक बेरीज केली, सगळं चांगलं धरून दुसरी. ४६० ते ५२० च्या मधे कुठंतरी तो आहे. याहून बारीक काही आज सांगता येत नाही. त्यालाही नाही, मलाही नाही. त्यातला वरचा आकडा तो गावी सेलूला पोहोचेपर्यंत विसरला, गच्चीवरचा ४८३ तेवढा लक्षात ठेवला.

आणि समज, नेमके ४८३ च आले, तरी त्यावरून नंबर कळत नाही. तुला कुणीतरी मागच्या वर्षीची यादी दाखवली म्हणालास. मागच्या वर्षी खुल्या गटात सरकारी कॉलेजची यादी सहाशेच्या बरीच वर थांबली, हे खरं आहे. पण मागचं वर्ष कसं होतं बघ. २०२३ ला ७२० पैकी ७२० घेणारे देशात दोघं होते. २०२४ ला पहिल्या निकालात ६७ झाले. खुल्या गटात पात्र ठरायला निम्म्या पोरांच्या वर असावं लागतं, त्याची रेषा २०२२ ला ११७ मार्कांवर होती, २०२३ ला १३७ वर आणि २०२४ ला १६२ वर. नियम तोच, मार्क वेगळे. पेपर सोपा गेला की सगळे वर सरकतात, अवघड गेला की सगळे खाली येतात. खुर्च्या मार्कांवर मिळत नाहीत, क्रमांकावर मिळतात.

यंदा तर पेपरचं रूपच बदललं. २०२१ पासून चार वर्षं पोरांना २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे होते, प्रत्येक विषयाच्या ‘ब’ विभागात पंधरातले दहा निवडायची मुभा होती, आणि २०२२ पासून वेळ तीन तास वीस मिनिटं. यंदा जानेवारीत जाहीर झालं की निवड बंद, १८० च्या १८० सोडवायचे, तेही तीन तासांत. बारक्यानं अकरावीपासून सराव केला तो जुन्या पद्धतीचा. असं असताना मागच्या यादीत यंदाचे मार्क घालून बघणं म्हणजे गेल्या सालच्या पावसावर यंदाची पेरणी ठरवणं आहे. तू शेतकरी आहेस, तू तसं कधी करणार नाहीस.

गावात अजून कुणी म्हणत असेल की मराठवाड्याची यादी वेगळी लागते, तर तेही डोक्यातून काढ. ७०:३० चं सूत्र, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या पोरांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. आता राज्याच्या ८५ टक्के जागांना सगळ्या महाराष्ट्राची एकच गुणवत्ता यादी आहे. त्याआधीचे जुने आकडे कामाचे नाहीत.

की बद्दल अजून एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी फिजिक्समध्ये अणूवर दोन विधानांचा एक प्रश्न होता. त्यातलं एक विधान एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणं बरोबर होतं, नव्या पुस्तकाप्रमाणं चूक. परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं दोन्ही उत्तरांना मार्क दिले. ६७ पैकी ४४ जणांचे पूर्ण मार्क त्या एका प्रश्नावर उभे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं. ज्यांनी जुन्या पुस्तकाप्रमाणं लिहिलं होतं त्यांचे पाच-पाच मार्क गेले. चार मिळालेले काढून घेतले आणि वर एक वजा. निकाल ४ जूनला लागला होता, लोकसभेची मतमोजणी झाली त्याच दिवशी. सुधारलेला निकाल आला २६ जुलैला, आणि पैकीच्या पैकीवाले १७ उरले.

मला त्यात सगळ्यात जास्त कोण आठवतं सांगू? ज्यांच्या घरी थोरल्याचं पुस्तक बारक्याला मिळतं ती पोरं. आपल्याकडं अजूनही असंच असतं. पुस्तक शाबूत असताना नवं कोण घेतं? त्या पोरांनी समोर होतं ते ओळ न् ओळ वाचलं, प्रामाणिकपणे पाठ केलं, आणि त्यांचेच मार्क गेले. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं. म्हणून यंदा अकरावी-बारावीच्या माझ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांच्या पुस्तकांची आवृत्ती बघितली.

आपल्या वेळी हे काही नव्हतं. बारावीच्या बोर्डाच्या मार्कांवर मेडिकलला नंबर लागायचा. पेपर लिहिला, पुरवणी बांधली, दिली, संपलं. एकेक उत्तर दीड पानाचं, त्याला किती मिळाले कोण मोजणार? निकालापर्यंत आपण रानात कामं केली, विहिरीत पोहलो. धाकधूक होतीच, पण उशाशी आकडा घेऊन कुणी झोपत नव्हतं. या पोरांना पाच वाजता पेपर सुटला की सहा वाजता स्वतःचा निकाल स्वतःच लावावा लागतो. तेही सगळ्यांच्या देखत. मग नातेवाइकांचे फोन येतात, ‘किती पडतायत?’ क्लासवाल्यांचे फोन येतात. ज्याचे जास्त पडतात त्याच्याकडं फोटो मागतात, कमी सांगणाऱ्याला दुसऱ्यांदा फोन येत नाही. बारक्याला तसा एक फोन आला होता. आकडा ऐकून समोरच्यानं ‘बरं बरं’ म्हणून ठेवून दिला. त्यानंतरच त्यानं बॅग भरली. मला त्या माणसाचा मनापासून राग आला.

उत्तरं जुळवूच नयेत असं मी म्हणत नाही. त्या गच्चीवर पोरं जितकं मन लावून फिजिक्स बोलत होती तितकी ती वर्गात बोलत नाहीत. चुकलं कुठं हे कळण्याची ती सगळ्यात चांगली वेळ असते. माझं भांडण फक्त शेवटच्या बेरजेशी आहे. ती रात्री अकरा वाजता, रिकाम्या पोटी, दुसऱ्याच्या आकड्याशेजारी मांडली जाते, आणि मग घरातले मोठे निर्णय तिच्यावर होतात. तू काल म्हणालास की त्याला आता बीएस्सीला टाकून देतो. आज नको ठरवू. एवढीच माझी विनंती आहे.

तुझी ओढाताण मला दिसते. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ असताना तुला किती कमी भावात विकावं लागलं ते मी ऐकलंय. खोलीचं भाडं, मेस, क्लासची फी, सगळं त्यातूनच गेलंय. पुन्हा वर्षभर ठेव असं मी आज सांगणार नाही, नको ठेवू असंही नाही. ते क्रमांक हातात आल्यावर तिघं बसून बोलू.

तोवर कामाचं सांगतो. एनटीए तात्पुरती उत्तरतालिका आणि ओएमआरची स्कॅन प्रत टाकेल. मागच्या वर्षी ती २९ मेला आली होती. ओएमआर दिसला की काय काळं केलं ते डोळ्यांनी दिसेल आणि तिसरा भाग आपोआप मिटेल. एखाद्या उत्तरावर हरकत घ्यायची तर प्रश्नामागं २०० रुपये भरावे लागतात, ते परत मिळत नाहीत. पण हरकत टिकली तर सुधारलेलं उत्तर सगळ्यांच्या तपासणीला लागू होतं. सर्किटच्या त्या गणितात एनटीएनं गडबड केली, तर पैसे मी भरीन, अर्ज त्यानं स्वतः लिहायचा. अंतिम निकाल १४ जूनपर्यंत म्हणून सांगितलाय.

आणि नीट म्हणजे फक्त एमबीबीएस नाही, हे त्याच्याशी बोल. नांदेडला आणि धाराशिवला सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय आहे, त्यालाही हेच मार्क लागतात. तुझ्या गोठ्यातली गाय विताना रात्रभर तोच जागला होता ना? त्याच्या मनात काय आहे ते विचारून बघ. मला तर वाटतं, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

या आठवड्यात तहसीलला जाऊन वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र काढायला टाक. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघ, संपत आली असेल तर तोही अर्ज कर. जूनमध्ये सेतूवर पाय ठेवायला जागा नसते, सर्व्हर बंद पडतो, आणि प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही. आधारवरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव एकच आहे ना, तेही ताडून बघ. बारक्यालाच सोबत ने, घरात पडून राहण्यापेक्षा बरं. कागदांचे फोटो मला मोबाइलवर पाठव. वहिनींना नमस्कार, आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
लातूरचा मास्तर