सही ठळक करणे : मोफत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
फोटो फ्रेमिंग व दस्तऐवज जतन सेवा,
कॉलेज रोड शाखा, नाशिक

विषय : जतनासाठी दिलेल्या सहीच्या पत्राची नासधूस केल्याबद्दल तक्रार

महोदय,

गेल्या महिन्यात मी तुमच्या दुकानात एक जुनं पत्र फ्रेम करायला दिलं. दर्शनी भिंतीवर दादासाहेब फाळक्यांचा मोठा फोटो आणि खाली 'वारसा जपा' अशी पाटी आहे, ती बघूनच आत शिरले. काउंटरवरच्या मुलाला तीनदा बजावलं की डिंक नको, टेप नको, फक्त अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे कागद खराब न करणारा पुठ्ठा, आणि पुढे उन्हातले यूव्ही किरण अडवणारी काच. "हो काकू, जतनाचंच काम आहे आपलं," म्हणत त्याने ते पावतीवर लिहिलंही. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आठ दिवसांनी हातात आलं ते गरम लॅमिनेशन केलेलं पत्र.

पत्र कसलं होतं ते आधी सांगते, कारण तुमच्या शाखेतल्या साहेबांनी फोनवर मलाच विचारलं, "मॅडम, टाइप केलेलं जुनं लेटरच होतं ना?"

माझे वडील नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. देवळाली कॅम्पात इंग्रजी सिनेमे लागत, तिथे सायकल हाणत जायचे. जाड्या-रड्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. जाड्या, म्हणजे ऑलिव्हर हार्डी, 1957 मध्ये गेला. 1961 मध्ये रड्याला, म्हणजे स्टॅन लॉरेलला, मानद ऑस्कर मिळालं. ते पेपरात वाचून बाबांनी त्याला पत्र टाकलं. आजी म्हणाली, तिकिटाचे पैसे गेले. पण लॉरेल उतारवयात सांता मोनिकाच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये बसून जगभरच्या चाहत्यांना स्वतः उत्तरं लिहायचा. त्याचा नंबर टेलिफोन डिरेक्टरीत सरळ छापलेला असे, कुणीही फोन करावा. 1962 च्या पावसाळ्यात आमच्याकडे एअरमेलचं पाकीट आलं.

एका पानात त्याने आपली सगळी वाटचाल सांगितली होती. 1910 मध्ये फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीबरोबर बोटीने अमेरिकेला आलो, त्याच कंपनीत चॅप्लिन होता आणि तो आजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायचं काम आपलं होतं, हे त्याने अगदी सहज लिहिलं होतं. पुढे हॅल रोचच्या स्टुडिओत हार्डीशी जोडी जमली. दोघं एक पियानो लांबलचक जिन्यावरून वर चढवतात त्या छोट्या चित्रपटाबद्दल बाबांनी विचारलं होतं. त्याला 1932 मध्ये ऑस्कर मिळालं, हे दोन ओळींत उरकून तो जिन्याबद्दलच जास्त बोलला होता. हार्डी गेल्यावर पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो नाही, आणि तब्येतीमुळे मानद ऑस्कर घ्यायलाही जाता आलं नाही, ते डॅनी के या नटाने स्वीकारलं, असा शेवट होता. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना बाबा दर खेपेला मध्येच थांबायचे आणि आम्हा भावंडांना म्हणायचे, "आता समजा, पाठीवर पियानो आहे."

आता तुमच्या कामाबद्दल.

अमेरिकन कागद ए-4 पेक्षा सहा मिलिमीटर रुंद असतो. तो तुमच्या लॅमिनेशनच्या पाउचमध्ये नीट बसेना, म्हणून उजवी कड कापली. आठ-दहा ओळींची शेवटची अक्षरं गेली. एअरमेलचं पाकीट परत आलेलंच नाही. विचारलं तर "ते तर फाटकं होतं" असं उत्तर मिळालं. होतं फाटकं. ते साठ वर्षं तसंच फाटकं आमच्याकडे होतं.

हे सगळं मी कदाचित गिळलंही असतं. सही मात्र गिळता येत नाही.

निळ्या शाईची ती सही फिकी पडली होती. घरी आल्यावर खिडकीपाशी पत्र तिरकं धरलं तेव्हा दिसलं की काळ्या जेल पेनने कुणीतरी ती गिरवली आहे. 'स्टॅन' बऱ्यापैकी जमलंय. 'लॉरेल'च्या पहिल्या अक्षरावर पेन घसरलं आहे, आणि तिथे काळ्या रेघेच्या बाजूला मूळची निळी रेघ सावलीसारखी उघडी पडली आहे. मग पावती पुन्हा पाहिली. तळाशी दुसऱ्या अक्षरात एक ओळ वाढवलेली आहे : 'सही ठळक करणे : मोफत.' हौशीने केलं असेल, मुलावर माझा राग नाही. पण जतनाची पाटी लावणाऱ्या दुकानात त्याला कुणी काही शिकवलं नाही का?

गरम लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिकवरचा गोंद वितळून कागदात मुरतो. तो सोडवायला जे द्रावण लागेल ते शाईवरही चालू शकतं, असं मुंबईच्या एका जाणकाराने फोटो बघून सांगितलं. म्हणजे तुमचं जेल पेनही आता आत कायमचं बंद झालं. बाबांची अख्खी नोकरी तिकिटांचे ताव तपासण्यात गेली, जरा रेघ हलली की ताव बाद. त्यांच्याच घरातल्या एकुलत्या एका मौल्यवान कागदावर आज दुसऱ्याच्या हातची सही आहे. साहेब म्हणाले, "मजकूर तर शाबूत आहे." शिवाय पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट देऊ केली. पुढची ऑर्डर कसली देऊ?

माझ्या मागण्या : घेतलेले सगळे पैसे परत करा. पाकीट शोधा, आणि ते टाकलं असेल तर तसं लेखी कळवा. काम सुरू करण्याआधी पत्र स्कॅन करतो असं मुलाने सांगितलं होतं. ती मूळ फाइल द्या, निदान गिरवण्याआधीची सही तरी त्यात असेल. सूचना पावतीवर असूनही लॅमिनेशन केलं आणि सही गिरवली, हे लेटरहेडवर लिहून द्या. नुकसानभरपाईची रक्कम त्यानंतर बोलू. मला सगळ्यात आधी ती स्कॅनची फाइल हवी आहे, कारण तुमचे कॉम्प्युटर दर महिन्याला साफ होतात असंही ऐकलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाईन. माझ्याकडे दोन वर्षांची मुदत आहे, आणि निवृत्त शिक्षिकेकडे वेळही भरपूर असतो.

सोबत पावतीची झेरॉक्स आणि सहीचे जवळून काढलेले चार फोटो आहेत.

आपली ग्राहक,
(सही)
गंगापूर रोड, नाशिक

ता. क. : वरची सही माझी आहे. फिकी वाटली तरी ठळक करू नये.