टोरांटोच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलेलं बेळगाव

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पोस्टात न टाकता असं चारचौघांत लिहितेय, कारण तुमची पुस्तकं नेऊन परत न करणारी मी एकटीच नाही. बाकीच्यांनीही वाचावं आणि जरा लाजावं.

बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कपाटातून तो गठ्ठा काढून दिलात. कॅनडाच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं 'ऑब्झर्व्हर्स हँडबुक', आकाश बघणाऱ्यांसाठीचं वार्षिक पुस्तक, दरवर्षीचं एक. टोरांटोचा तुमचा पुतण्या पाठवायचा. सगळ्यांत जुनं १९८६ चं, हॅलेच्या धूमकेतूच्या वर्षाचं. आमच्या घरी पाडव्याला नवं दाते पंचांग आलं की जुनं रद्दीत जातं, म्हणून मी विचारलं, एवढी जुनी कशाला ठेवलीत? तुम्ही म्हणालात, "ग्रहांची पानं शिळी होत्यात गं. तारे कुठं जात नाहीत की." मग मेसियेची ११० पिंडांची (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका) यादी उघडून दिलीत आणि त्यापुढची एनजीसी या मोठ्या सूचीतल्या निवडक ११० पिंडांची. माझ्या पहिल्या दोन हिवाळ्यांना तेवढंच पुरलं. दुर्बीण नव्हतीच, तुमची मामाच्या काळातली द्विनेत्री होती, तिचा एक डोळा धुरकट.

पण आभार मानायचे आहेत ते एका पानासाठी. उदयास्ताच्या तक्त्यांपाशी कॅनडातल्या शहरांची यादी होती आणि प्रत्येकापुढे तक्त्यातल्या वेळेत मिळवायची काही मिनिटं. टोरांटोपुढे +१८. त्याच्या खाली समासात तुमच्या बारीक अक्षरात: बेळगाव +३२. मला वाटलं, कुणाच्या तरी फोन नंबरचे आकडे. तुम्ही मागावरच्या सुताच्या रिकाम्या पुट्ठ्यावर हिशोब मांडून दाखवलात. टोरांटो त्यांचं घड्याळ ज्या रेखांशावर लावलंय त्या ७५ अंशांच्या रेघेपासून जवळजवळ साडेचार अंश पश्चिमेला, आपण मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशीच्या रेघेपासून आठ अंश. अंशाला चार मिनिटं. आठ चोक बत्तीस. म्हणजे आपल्या डोक्यावरचं आकाश घड्याळापेक्षा बत्तीस मिनिटं मागं चालतं, आणि हे बेळगावात कुणालाच ठाऊक नसतं. (२०१४ ला गावाचं नाव बदललं. तुम्ही समासातला शब्द खोडला नाहीत, रेखांश तोच आहे म्हणालात.)

तुमचा नियम अजून पाठ आहे: ग्रीनिचच्या वेळेला साडेपाच तास, उदयास्ताला बत्तीस मिनिटं, दोन्ही एकत्र कधीच नाही. मी ते एकदा एकत्र केलं होतं, ती गोष्ट राहू दे. दुसरी सांगते.

ययाती तारकासमूहातला अल्गोल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. एक अंधुक तारा तेजस्वी ताऱ्यापुढून जातो आणि २.१ प्रतीचा तारा ३.४ वर उतरतो (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा फिका). हँडबुकात त्याच्या मंदावण्याच्या वेळा ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे दिलेल्या असतात. नोव्हेंबरच्या पानावर ओळ होती: १४ तारीख, २० वाजून १० मिनिटं. मी साडेपाच मिळवले, १ वाजून ४० आले, आणि वहीत लिहिलं, १४ तारीख, रात्री १.४०. त्या रात्री वडगावच्या आमच्या गच्चीवर शाल गुंडाळून अडीच वाजेपर्यंत बसले. खाली माग खडखडत होते, वर अल्गोल झगझगीत. शेजारच्या देवयानीतल्या अलमाकइतकाच. पुस्तक चुकलं असं ठरवून झोपले.

सकाळी तुमच्याकडे भांडायला आले. तुम्ही आधी मनसोक्त हसलात. मग विचारलंत, "पंचांगात वार कधी बदलतो?" सूर्योदयाला. "घड्याळात?" मध्यरात्री. "आणि या पुस्तकात?" मला उत्तर येईना. ग्रीनिचची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. म्हणजे हे कॅनडाचं इंग्रजी पुस्तक तारीख बदलतं ती जवळजवळ आपल्या पंचांगासारखी, उजाडताना. आपली अख्खी रात्र त्यात एकाच तारखेची राहते, मधे फाटत नाही. १४ तारखेची २० वाजून १० म्हणजे १४ च्या संध्याकाळनंतरची रात्र, घड्याळाप्रमाणे १५ चे १.४०. मी एक पूर्ण रात्र आधीच जाऊन बसले होते.

त्या रात्री पुन्हा बसले. या वेळी तुम्हीही आलात, गुडघे दुखत असताना तीन जिने चढून. अल्गोल ययातीतल्याच एप्सिलॉन ताऱ्यापेक्षाही फिका दिसला. तुम्ही खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढलीत आणि १९८० च्या १६ फेब्रुवारीची गोष्ट सांगितलीत. आळीतले लोक दारं-खिडक्या लावून बसलेले आणि तुम्ही खग्रास सूर्यग्रहण बघायला पहाटेच्या गाडीनं हुबळीला निघालेले, आईला लग्नाला जातो म्हणून सांगून.

ते पुस्तक लिहिणाऱ्यांचा ध्रुवतारा ४५ अंशांवर असतो, आपला सोळावर, त्यामुळे त्यांच्या पुस्तकात दक्षिण मोकळीच वाटायची. ती तुम्ही भरलीत. एप्रिलच्या मध्यावर, साडेबाराच्या सुमारास, येळ्ळूरच्या शिवारात भाताच्या खुंटांवर उभं करून ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दाखवलात. क्षितिजापासून २७ अंश वर, द्विनेत्रीत कापसाच्या बोंडासारखा. ४५ अंशांवरून तो कधी उगवतच नाही. "पुतण्याला कळव," म्हणालात, "हे तुझ्याकडं नाही म्हणावं." मी कळवलं नाही. तुम्हीच कळवलं असणार.

तुमच्या सगळ्या प्रतींमध्ये जून ते सप्टेंबरची पानं कोरी करकरीत आहेत, एक डाग नाही. आपल्याकडच्या पावसानं ती जपली. त्या चार महिन्यांचे पैसे माघारी मागावेत का, असं तुम्ही दरवर्षी विचारायचात, आणि दरवर्षी मी हसायचे.

यंदाचं हँडबुक आलंय, या वेळी माझ्या पैशांचं. पहिल्या कोऱ्या पानावर बेळगाव +३२ पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर पडायला हो म्हणाले की कळवा. नोव्हेंबरातल्या अल्गोलच्या वेळा मी काढून ठेवते, तारखा तुम्ही तपासा. जिन्याला आता कठडा बसवलाय.

तुमची,
मागवाल्यांची थोरली